मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी: कामावर जाण्यासाठी सायक्लोक्रॉस सायकल निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रशांतभाऊ (नाव बदललं आहे) चाळिशीतले. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासणीचं काम बघतात. घर मानेवाड्याला, ओंकारनगरच्या बाजूला, दुसऱ्या माळ्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. घरात एकच मोपेड होती. वहिनींना बर्डीवर (सीताबर्डीला) नोकरी लागली, मुलीला शाळेत सोडून तिथूनच पुढे जाणं त्यांना सोयीचं पडू लागलं आणि मोपेड त्यांच्याकडे गेली. भाऊंना सकाळी साडेआठच्या आत गेटवर हजेरी लावावी लागते.

त्यांचा रस्ता रिंगरोडचा. नरेंद्रनगर, तिथला रेल्वेखालचा पूल, छत्रपती चौक, मग प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, हिंगणा टी-पॉइंट आणि पुढे हिंगणा रोड. एका बाजूनं १३ किलोमीटरच्या आसपास. चढ म्हणावा असा कुठेच नाही, पण ट्रक आणि कंपन्यांच्या बस भरपूर.

मी नागपुरातल्या ओळखीच्या लोकांना सायकल निवडायला मदत करतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणती कंपनी घेऊ?" हाच असतो. भाऊंनी मात्र रस्त्याबद्दल विचारलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

अडचण

सिमेंटचा रस्ता मोटारीतून गुळगुळीत वाटतो, सायकलवर तसा वाटत नाही. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला सांधा रस्त्याच्या दिशेनं लांबच लांब जातो. त्यातलं भरण जागोजागी निघून गेलं की बोटभर रुंदीची फट उरते. आडव्या सांध्यावर नुसता धक्का बसतो, पण हा उभा सांधा चाक धरून ठेवतो. दुसरी गोष्ट कडेची. सिमेंट संपतं आणि गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात, तिथे कुठे दोन बोटं तर कुठे चार बोटं खोली असते. मागून ट्रक हॉर्न देत आला की त्या कडेवरून खाली उतरायचं आणि तो गेला की पुन्हा वर चढायचं. असं तिरकस चढताना बारीक टायर कडेला घासत जातो आणि सायकल अंगाखालून निसटते.

भाऊंनी आधी पुतण्याची रोड सायकल मागून आणली होती. टायर २५ मिलिमीटरचे. त्रिमूर्तीनगरजवळ बसला जागा देताना पुढचं चाक सांध्यात गेलं, भाऊ पडले, कोपर सोललं. मग शेजारच्या मुलाची शॉकअपवाली जाड टायरची सायकल वापरून पाहिली. तिच्यावर सांध्याची भीती गेली, पण वजनदार सायकल, दर पायडलला दबणारा शॉकअप आणि सरळ हँडलवर ताठ बसून अंगावर घेतलेला वारा यामुळे कारखान्यात पोचेपर्यंत ते थकून जायचे. चार दिवसांत उत्साह मावळला.

म्हणजे सायकल रोडसारखी पळणारी हवी, पण तिच्यात जाड टायर मावायला हवा. पुण्यातल्या एका नातेवाइकानं सायक्लोक्रॉसचं नाव सुचवलं आणि भाऊ माझ्याकडे आले.

सायक्लोक्रॉस सायकल असते कशी

सायक्लोक्रॉस हा युरोपातल्या हिवाळ्यातला शर्यतीचा प्रकार. साधारण तासाभराची शर्यत, चिखल, गवत, वाळू, मधेच फळ्यांचे अडथळे. अडथळा आला की खेळाडू उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो, धावतो आणि पुन्हा चढतो. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. सायकल दिसायला रोड सायकलसारखीच, वळलेलं ड्रॉप हँडल आणि ७०० ची चाकं. फरक बारकाव्यांत असतो. टायर आणि फ्रेम यांच्यात चिखल निघून जाईल एवढी मोकळी जागा असते. शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, पण फ्रेममध्ये बहुधा त्याहून थोडा मोठा मावतो. पायडलचा मधला एक्सल रोड सायकलीपेक्षा बऱ्याचदा थोडा वर असतो. वरची दांडी खांद्यावर घेता यावी म्हणून तिच्या खाली केबल ठेवत नाहीत.

नागपूरला ड्रॉप हँडल नवं नाही. आपल्याच शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली आणि शहरात रोड सायकलींची निगा राखणारे लोकही आहेत. सायक्लोक्रॉस मात्र इथल्या दुकानात सहसा उभी दिसत नाही. ती मिळते ती कोणीतरी वापरून विकायला काढलेली. त्यामुळे मनासारखी मागवता येत नाही. समोर आलेली तपासून हो किंवा नाही म्हणायचं असतं.

समोरचे पर्याय

जुनी मोटारसायकल घ्यायची नव्हती. पेट्रोलचा दुसरा खर्च घरात नको, हे दोघांचं आधीच ठरलं होतं. मेट्रोचा विचार झाला. छत्रपती चौकातून चढायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि लोकमान्यनगरला उतरायचं. मेट्रो चांगली आहे, पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कारखाना या दोन्ही टोकांना वाहन लागतं. ती अडीअडचणीसाठी राखून ठेवली. नवी ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी, जाड टायरची ड्रॉप हँडल सायकल) या कामाला उत्तम, पण भाऊंचं बजेट ४५ हजारांचं होतं आणि त्यांना पसंत पडलेली प्रत्येक त्याच्या वर जात होती. पुढे शॉकअप नसलेली, सरळ हँडलची हायब्रिड हा मात्र खरा स्पर्धक होता, त्याबद्दल शेवटी लिहितो.

शोधाशोध करून दोन जुन्या सायक्लोक्रॉस समोर आल्या. एक हलकी, देखणी, २८ हजारांना, कँटिलिव्हर ब्रेकची, निव्वळ शर्यतीसाठी बनवलेली. दुसरी थोडी जड, ३६ हजारांना, केबलनं ओढायच्या डिस्क ब्रेकची. भाऊंचं मन पहिलीवर बसलं होतं, आणि आठ हजारांचा फरक लहान नाही.

पहिला निर्णय: ब्रेक

कँटिलिव्हर ब्रेकमध्ये चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन पायांना, दोन बाजूंना दोन हात असतात आणि वरून येणारी केबल त्यांना एकत्र ओढते. टायरभोवती भरपूर जागा राहते, म्हणून हा ब्रेक सायक्लोक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं टिकला. शर्यतीत डिस्क ब्रेकला २०१० मध्ये परवानगी मिळाली आणि नंतर हळूहळू नव्या सायकली डिस्कच्या आल्या. जुन्या कँटिलिव्हरवाल्या स्वस्त मिळतात त्यामागे हेही कारण आहे.

दोन्ही सायकली एकाच दिवशी बघायला मिळाल्या. मी भाऊंना म्हटलं, कोरड्या रस्त्यावर दोन्ही थांबतील, आपण पाण्यात बघू. बिल्डिंगच्या आवारात नळाचा पाइप घेऊन चाकं भिजवली आणि त्यांनी गल्लीत फेरी मारून जोरात ब्रेक दाबला. पहिल्या सायकलीचं ब्रेक रबर आधी रिमवरचं पाणी पुसत राहिलं, पकड उशिरा आली, आणि आली तेव्हा पुढचा चिमटा थरथर कापायला लागला. चिमटा ब्रेकच्या ओढीनं किंचित वाकतो, त्यामुळे केबल आणखी ताणली जाते, पकड वाढते, चिमटा आणखी वाकतो आणि सुटतो. अशा सायकलींत ही थरथर नेहमीची आहे. दुसरी सायकल किंचाळली, पण दाबताक्षणी थांबली.

रबर बदलून, केबलची जोडणी सुधारून पहिलीची थरथर कमी करता आली असती. पण हिंगणा रोडवर पुढचा ट्रक अचानक थांबला तर मधे कितीशी जागा असते? शिवाय पावसाळ्यातली बारीक रेती रबरात रुतून रिम घासत राहते आणि रिम झिजली की अख्खं चाक बदलावं लागतं. डिस्कमध्ये झिजतात ते पॅड, आणि ते बदलता येतात. केबलचा डिस्क ब्रेक मला या कामासाठी तेलाच्या ब्रेकपेक्षा बरा वाटतो. तेलाचा ब्रेक जास्त ताकदवान असतो, पण ब्रेकची वायर मानेवाड्याच्या कोपऱ्यावर मिळते आणि ब्रेकमधली हवा काढून देणारा माणूस तिथे मिळत नाही.

इथे पहिली सायकल बाद झाली. भाऊंनी एक दिवस विचार करायला घेतला आणि मग फोनवर म्हणाले, "आठ हजारांसाठी ट्रकखाली जायचं काही कारण नाही."

दुसरा निर्णय: आट्यांची भोकं

निव्वळ शर्यतीच्या फ्रेमला मडगार्ड किंवा कॅरिअर बसवायची सोय नसते. चिमट्याच्या खालच्या टोकाला आणि मागच्या एक्सलजवळ आटे पाडलेली छोटी भोकं आहेत की नाहीत, हे आधी बघावं. फोटोत ती दिसत नाहीत. बोट फिरवून बघावी लागतात. दुसऱ्या सायकलीला ती होती. वर सीटजवळच्या दोन पाइपांवर नव्हती, तिथे रबर लावलेल्या पट्टीच्या क्लिपा लागणार होत्या.

नागपुरात हा मुद्दा फार मोठा आहे. डबा, बदलायचा शर्ट, कुलूप, पावसाळी कोट असं सगळं पाठीवरच्या बॅगेत घेतलं तर एप्रिलमध्ये कारखान्यात पोचेपर्यंत पाठ पूर्ण भिजते. सामान कॅरिअरवर गेलं की पाठीला वारा लागतो.

तिसरा निर्णय: माप

भाऊंची उंची पाच फूट सात इंच, सायकल ५४ सेंटिमीटर मापाची. दांडीवर उभं राहता येत होतं, पण मधला एक्सल वर असल्यामुळे सीट योग्य उंचीला लावली की बसल्या जागी फक्त पायाची बोटं जमिनीला टेकत होती. छत्रपती चौकाच्या सिग्नलला दर वेळी सीटवरून पुढे उतरून उभं राहावं लागणार. त्यांना ते जमतंय का, हे गल्लीत वीस-पंचवीस वेळा करून बघितलं. सीट खाली करायचा मोह अनेकांना होतो. मी त्याला ठाम विरोध करतो, कारण रोजच्या २६ किलोमीटरला गुडघे त्याची किंमत मोजतात.

गिअरवर वेळ घालवला नाही. पुढे ४० दात्यांचं एकच चक्र, मागे ११ ते ३२. सपाट शहरात एवढं पुरून उरतं. सर्वात जड गिअरला मिनिटाला ९० वेळा पायडल फिरवलं तर वेग ताशी ४० च्या पुढे जातो, आणि तेवढा वेग आपल्याला नकोच आहे.

चाकं मात्र नीट तपासली. ३२ स्पोकची होती. कमी स्पोकच्या नाजूक चाकाचा आऊट काढायला साधा मिस्त्री हात लावत नाही, ३२ स्पोकचा काढून देतो.

प्रत्यक्षात केलेली कामं

सायकल ३४ हजारांत मिळाली. तिच्यासोबत खुरट्या गुट्ट्यांचे (उंचवट्यांचे) टायर होते. चिखलात ते जमीन पकडतात, सिमेंटवर आवाज करतात आणि भराभर झिजतात. ते काढून ३८ चे गुळगुळीत, आत काटारोधक पट्टा असलेले टायर टाकले. हिंगण्याच्या बाजूला रस्त्याकडेला बाभळी आहेत, हा पट्टा हवाच. त्यावर मडगार्ड, कॅरिअर, एका बाजूला लटकणारी बॅग, पुढे-मागे दिवे, यू आकाराचं कुलूप. सांध्यांवरच्या धक्क्यांनी कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात, म्हणून भाऊंनी कारखान्यातून शिकलेल्या सवयीनं प्रत्येक आट्यावर गोंद लावला.

व्हॉल्वचा प्रश्न मानेवाड्याच्या मिस्त्रीकडे उघडा पडला. त्यांनी ट्यूबचं तोंड बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, याचा व्हॉल्व बारीक आहे. माह्या पंपानं हवा नाही भरत." हा बारीक मानेचा व्हॉल्व टोकाची छोटी चकती सैल करून उघडतो. त्यावर फिरवून बसवायचा पितळी जोड स्वस्तात मिळतो. तो लावला की पेट्रोल पंपावरची हवाही चालते. भाऊंनी एक किल्लीच्या जुडग्यात अडकवला आणि एक त्या मिस्त्रीकडेच देऊन ठेवला.

काय झालं

हिवाळाभर सायकल छान चालली. पाऊण तासात कारखाना. सांधे आणि गट्टूंची कड यांचा त्रास उरला नाही. दोन माळे चढताना सायकल खांद्यावर घेणं सोपं गेलं, शर्यतीसाठी केलेली दांडी इथे घरच्या जिन्यात कामाला आली. हँडलच्या खालच्या वळणात हात घातले की समोरच्या वाऱ्यातही दम टिकतो, असं ते सांगतात, आणि त्यांना सायकल पसंत पडायचं मुख्य कारण तेच आहे.

उन्हाळ्यात तडजोड केली. सकाळी जाताना त्रास नव्हता, पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा संध्याकाळी सहालाही सिमेंट भट्टीसारखी धग फेकत असतं. नवतपात (मेअखेरच्या सर्वात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) त्यांनी सायकल बंद ठेवली आणि मेट्रो व 'आपली बस' ही शहर बस धरली. हा माझा आग्रह होता. रोज सायकल चालवायचीच, अशी प्रतिज्ञा नागपूरच्या उन्हात कोणी करू नये.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदलेली काळी माती सडकेवर पसरली होती. ही माती टायरला चिकटून वर जाते आणि मडगार्डमध्ये थरावर थर बसतात. ३८ चा टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम बोट जाईल एवढी जागा होती. मागचं चाक फिरायचंच थांबलं. भाऊंनी काडीनं माती खरवडून काढली आणि उरलेला रस्ता सायकल हातात धरून गेले. सायक्लोक्रॉसची जी मोकळी जागा हा तिचा मोठा गुण, ती आपण जाड टायर आणि मडगार्ड मिळून भरून टाकली होती. दोन मार्ग होते, मडगार्ड काढायचं किंवा टायर बारीक करायचा. मडगार्ड काढलं तर कपड्यांचं भलं होत नाही. टायर ३२ चा केला, मडगार्ड थोडं वर उचललं. फटीसाठी ३२ पुरेसा रुंद आहे. त्यानंतर चाक पुन्हा अडकलेलं नाही.

नरेंद्रनगरच्या पुलाखाली जोराच्या पावसात पाणी साचतं, हे सगळ्या दक्षिण नागपूरला माहीत आहे. तिथून जायचं नाही असं ठरलेलं असूनही घाईत भाऊ एकदा त्या पाण्यातून गेले. चाकाचं मधलं भांडं बुडलं. आठवडाभरात मागून घरघर ऐकू येऊ लागली, छर्रे गंजले होते. ग्रीस आणि छर्रे बदलून काम भागलं. आता पाऊस जोराचा असला की ते तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक आणि अजनीच्या पुलावरून वर्धा रोडला येतात. फेरा पडतो, पण पाण्यात उतरावं लागत नाही.

एक त्रास कायमचा आहे. मडगार्ड बसवल्यापासून हळू चालवत हँडल पूर्ण वळवलं की बुटाचं टोक त्याला लागतं. वेगात हँडल एवढं वळत नाही, त्यामुळे चालत्या रस्त्यावर धोका नाही. गेटमधून आत वळताना मात्र ते पायडल थांबवतात.

पुन्हा निवडायची झाली तर

बजेट वेगळं मांडावं. टायर, मडगार्ड, कॅरिअर, बॅग, दिवे आणि कुलूप मिळून सुमारे १० हजार गेले, म्हणजे सायकल आणि सामान मिळून ४४ हजार. विकणाऱ्यानं दोन हजार सोडले म्हणून मेळ बसला. ४५ हजारांत सायकल बघताना ३५ च्या आतलीच बघावी.

टायर निवडताना मडगार्ड हातात घेऊन निवडावा. फ्रेममध्ये किती मोठा मावतो ही संख्या विकणारा सांगतो, पण ती बिनमडगार्डची असते. काळ्या मातीच्या भागात वरून किमान दोन बोटं जागा हवी.

हायब्रिडबद्दल माझं मत असं. शॉकअप नसलेली, आट्यांची भोकं असलेली, डिस्क ब्रेकची नवी हायब्रिड शहरातल्याच दुकानात मिळत असेल आणि अंतर सात-आठ किलोमीटर असेल, तर मी तीच सुचवेन. वॉरंटी असते, मापाची निवड असते, सिग्नलला पाय नीट टेकतो. भाऊंच्या बाबतीत लांब अंतर, उघड्या रस्त्यावरचा वारा आणि दोन माळ्यांचा जिना या तिन्ही गोष्टी सायक्लोक्रॉसच्या बाजूनं गेल्या. यातली एक जरी नसती तरी मी दुसरा सल्ला दिला असता.

आणि हँडलच्या वरच्या सरळ भागावर जादा ब्रेकचे छोटे दांडे बसवता येतात. केबलच्या ब्रेकला ते सहज जोडले जातात. गर्दीत माणूस हात वर ठेवून ताठ बसतो आणि नेमका तेव्हाच ब्रेकपर्यंत हात पोचायला वेळ लागतो. भाऊंनी ते पावसाळ्यानंतर बसवून घेतले. सायकल घरी आली त्याच आठवड्यात ते बसायला हवे होते, मडगार्डच्याही आधी.